शेंदाड गोड निघालं

सेलूला देशी झाडांची आवड असणाऱ्यांचा मेळावा होता, तिथं ती माझ्या शेजारी येऊन बसली. नाव विचारायचं राहूनच गेलं पाहा. डोक्यावर पदर, मांडीवर रिकामी कापडी पिशवी आणि तोंड सारखं सुरू. "तणनाशक मारू मारू आमच्या वावरातले शेंदाडं खतम झाले, बाई. बी भेटलं तं धुऱ्यावर, बांधाले लावीन. नातीले पाहाले तरी भेटन."

शेंदाड म्हणजे ज्वारी-कपाशीत आपोआप उगवणारं, मुठीएवढं रानखरबूज. टेबलावर बियाण्यांच्या वाट्या मांडल्या होत्या, त्यांत शेंदाडाचं बी नव्हतं, पण एकच पिकलेलं शेंदाड होतं. तिची तळमळ पाहून आणणाऱ्यानं ते तिलाच देऊन टाकलं.

तिनं ते नाकाशी धरलं, डोळे मिटले. मग हात आपसूकच चालले. फोडलं, जिभेचं टोक लावून पाहिलं, कारण शेंदाड कधी कडूही निघतं. "गोड हाय वो!" म्हणत तिनं आम्हा सगळ्यांच्या हातावर एकेक फोड ठेवली. वावरात शेंदाड कुणी एकटं खात नाही. आम्हीही हसत हसत बियांसकट खाल्लं.

हात पुसताना तिचा चेहरा उतरला. पिशवी तशीच रिकामी होती.

"कडू असतं तं बी वाचलं असतं," ती म्हणाली.

आम्ही बियाणं जपायलाच जमलो होतो, पण एकालाही तिला थांबवायचं सुचलं नाही. घरी येईपर्यंत तो गोडवा जिभेवर होता, आणि मला तो नकोसा झाला होता.