बुधीबाईची ओ

तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यांवर घरं एकमेकांपासून लांब लांब, त्यामुळे तिथली माणसं पैशाने नसली तरी गळ्याने श्रीमंत. वळणावरून हाक मारायची, घरातून ओ आली की मगच पुढे पाऊल टाकायचं. पण दिवस मावळल्यावर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हा तिथला नियम. कारण मेलेला माणूस एकदाच हाक मारतो. जिवंत माणसाला भूक लागलेली असते, तो दुसऱ्यांदा मारतोच.

बुधीबाईचा नवरा लवकर गेला. मागे उरली नागलीपुरती उताराची जमीन आणि एक पोरगा, लाहू. तो डहाणूला चिकूच्या वाडीत मजुरीला गेला आणि तिथे भलत्याच नादाला लागला. लष्करी बँडमधून निवृत्त झालेले चिमण मास्तर पोरांना लग्नाच्या बँडसाठी ट्रम्पेट शिकवायचे. लाहू शिकला, कागदावरची टिंबं बघून वाजवायलाही शिकला. बुधीबाईने कपाळावर हात मारला. "फुंकून पोट भरलं असतं तं चुलीपुढं मी कवाची ढेकर दिली असती," ती म्हणायची.

पण लग्नसराईत सुपारी वाजवून लाहू घरी यायचा, तेव्हा वळणावर थांबून तोंडाने हाक मारायचा नाही, ट्रम्पेट फुंकायचा. एक लांब सूर. घरात चिडीचूप. मग दुसरा. दुसऱ्या सुराला बुधीबाई अंगणात येऊन "ओऽऽ" करायची आणि तवा चुलीवर टाकायची. पोरगा ओहळ ओलांडून दारात येईपर्यंत भाकर फुगलेली असायची. शेजारची बारकी चिडवायची, "तुझा पोर आगगाडीसारखा येतो गो." बुधीबाई वरवर वैतागायची, पण त्या दोन सुरांसाठी तिचा जीव दिवसभर टांगलेला असायचा.

२०१८च्या मे महिन्यात अच्छाडजवळ हायवेवर, लग्न वाजवून परतताना, एका ट्रकने लाहूला उडवलं. घरी आला तो लोकांच्या खांद्यावरून. चेपलेला ट्रम्पेट रिवाजाप्रमाणे त्याच्यासोबतच चितेवर ठेवला. दिवसकार्य झालं, सगळे रडले, बुधीबाई रडली नाही. तिच्या मनात एकच सल होता. पोरगा त्याच वळणावरून आला आणि त्याने हाक मारली नाही. रोज दिवेलागणीला ती तवा मांडीवर घेऊन दारात बसायची. बारकी समजावायला आली की म्हणायची, "मेलेला एक डाव तरी हाक मारतो म्हणतात. माझ्या पोरानं तेवढी पण नाय मारली."

त्या हिवाळ्यात धरणी हलायला लागली. जमिनीखालून गडगड व्हायची आणि भिंतींना भेगा पडायच्या. अख्खा पाडा घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली राहायला आला. बुधीबाईला त्याचं काही नव्हतं. ती आधीपासूनच बाहेर बसलेली.

जानेवारीत एके दिवशी उन्हं कलताना धाकटी डहाणू गावचा रूपेश आला. हा मच्छीमाराचा मुलगा, बँडमधला लाहूचा जोडीदार. तो सांगू लागला. दोन वर्षांपूर्वी मुंबईत विलायती संगीताचा मोठा कार्यक्रम झाला होता. शंभराच्या आसपास वादक आणि शंभर वर्षांपूर्वीची एक लांबलचक सिंफनी. त्यात काही ट्रम्पेटवाले रंगमंचावर नसतातच. आवाज फार लांबून आल्यासारखा वाटावा म्हणून ते मागच्या बोळात उभे राहून वाजवतात. माणसं कमी पडली, तेव्हा चिमण मास्तरांनी ओळखीने या दोघांना पाठवलं. लोक समोर बसलेले असतानाच सगळं रेकॉर्ड झालं आणि पुढे वादकांना सीडी मिळाली.

"मना कवा बोलला नाय तो," बुधीबाई म्हणाली.

"मावशी, त्याच्याकडनं चूक झालेली. वाजवून घेणारा साहेब लय भडकला, परत बोलावलंच नाही. आईला सांगू नको, असं लाहूच बोलला. म्हणून मी पण आणली नाही एवढे महिने."

"माझ्या पोराचा आवाज तुझ्यापाशी व्हता, नि तू चूक-बरोबर बघत बसलास?"

रूपेशने मोबाइल काढला, सीडी त्यात उतरवून आणली होती, आणि छोटा स्पीकर जोडला. "त्याचं शेवटी आहे. पुढे ढकलतो."

"नको. तो तेवढा वेळ उभा व्हता ना? मग मी बसते."

संगीत सुरू झालं. पाड्याने असलं काही ऐकलं नव्हतं. इतकी माणसं मिळून रडतायत म्हणजे नक्की कोणी मोठा गेला असणार, असं बारकीचं मत पडलं. मध्येच नगारे गडगडले, तशी "आला, आला!" करत तीच सगळ्यांत आधी पळाली. भूकंप नाही हे कळल्यावर लोक पोट धरून हसले. बुधीबाई हसली नाही. सभागृहात कोणीतरी खोकलं.

"ह्यो लाहू?"

"नाही मावशी. तो बघायला आलेला कोणीतरी."

सूर्य डोंगराआड गेला. एकाएकी सगळी वाद्यं थांबली, आणि फार लांबून, ओहळापलीकडून यावा तसा, ट्रम्पेटचा एक सूर आला.

बुधीबाई ताठ झाली. बारकीने तिचा दंड घट्ट धरला. दिवस मावळलेला आणि ही पहिली हाक. ती कोणाची, हे अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं. "ओ नको देऊ गो," बारकी कुजबुजली. बुधीबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. नुसती शांतता.

मग दुसरा सूर आला.

मेलेला दोनदा हाक मारत नाही. बुधीबाई बारकीचा हात झटकून उठली, वळणाकडे तोंड केलं आणि छाती फुटेस्तोवर ओरडली, "ओऽऽऽ!" ओरडता ओरडताच तिला रडू फुटलं.

"हीच चूक, मावशी," रूपेश डोळे पुसत म्हणाला. "कागदावर एकच सूर होता. त्याच्यानंतर गप्प राहायचं होतं. सगळे गप्प झाले आणि हा सवयीनं परत वाजवून बसला."

"चूक कसली रं? कोणी ओ नाय दिली, तं पोर परत हाक मारणारच."

मोबाइलवर बाकीचं संगीत चालूच राहिलं. तिने अंगणातली चूल पेटवली, तवा टाकला, नागलीची भाकर थापली. कोणी तिला अडवलं नाही. भाकर फुगली. बुधीबाई वळणाकडे बघत बसली. ओहळ ओलांडून यायला लागतो तेवढा वेळ गेला, त्याहून जास्त गेला. भाकर करपायला लागली, तेव्हा तिने ती उतरवली आणि रूपेशच्या हातावर ठेवली.

"खा रं," ती म्हणाली. "तो नाय यायचा आता."