न मागता नेलेली फांदी

अक्का आमच्या फाटकाशी बोलत उभ्या राहिल्या की त्यांचा डावा हात कायम पदराखाली असायचा. तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. परीक्षेच्या हॉलमध्ये कोणाचा हात कुठे आहे, यावरून कॉपी ओळखायचो. तेव्हा हा हात मला पहिल्या दिवसापासूनच खटकला.

अक्का साक्रीकडच्या, बोलणं सगळं अहिराणी. मुलगा जळगावात पाइपांच्या कारखान्यात, म्हणून आमच्या कॉलनीत, अगदी समोरच्या घरात राहायला आल्या. त्याच वर्षी माझी बायको सुमन गेली. ओट्यापुढची दहा बाय सहा फुटांची जागा म्हणजे तिचं राज्य. तिने लावलेला मोगरा तेवढा ओट्याशी उरला होता, बाकी सगळा गाजरगवताचा कारभार. मोबाइलवर मी परदेशातल्या टुमदार बंगल्यांचे फोटो पाहिले, दारापुढे फुलांची ही गर्दी! ठरवलं, मोगऱ्याभोवती तसंच करायचं. सुमनला आवडलं असतं.

अक्कांना कुठून कळलं कोण जाणे, मी नर्सरीला निघालो तर त्या न बोलावता रिक्षात माझ्या शेजारी येऊन बसल्या. आणि नर्सरीत काय उच्छाद मांडला म्हणता! प्रत्येक कुंडी उचलून खालून बघायची, पान उलटं करायचं, खोडाला नख लावायचं. मी पिटुनियाच्या फुलांनी भरगच्च कुंड्या पुढे केल्या, तर म्हणाल्या, "मास्तर, दुकानमा इतलं हासी राह्यनं म्हणजे त्याले काहीतरी पाजेल शे. घर जाईसन रडी."

नर्सरीवाला कपाळाला हात लावून बसला. मला तर शंका आली, ह्या बाईचं दुसऱ्या नर्सरीवाल्याशी काही साटंलोटं तर नाही?

"वैशाखमा कोन उभं राही, ते पहिले इचारा," असं म्हणून त्यांनी सदाफुली, गुलबक्षी आणि अबोली निवडली. फाटकाशी लावायला तांबडी जास्वंद. मी हट्टाने दोन पिटुनिया घेतल्याच. आठवड्यात वाळल्या. अक्कांनी नुसतं बघितलं. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे चारेक महिन्यांनी मोगऱ्याच्या एका फांदीवर मला तिरका, ताजा काप दिसला. दोनच दिवसांत दुसरा. तिसऱ्यांदा मी दाराआड दबा धरून बसलो आणि अक्कांना रंगेहाथ पकडलं. पदराखालच्या हातात छोटी कात्री, दुसऱ्या हातात मोगऱ्याची फांदी.

"अक्का, हे काय चाललंय?"

"मांगेल फांदी जगत नई, मास्तर. न मांगता लई जावानी," त्या जणू मलाच शिकवत होत्या.

माझं डोकंच फिरलं. "ह्याला चोरी म्हणतात! सुमनचा मोगरा आहे तो!" मी ओरडलो. गल्लीतले लोक दारात आले. अक्कांचा चेहरा पार उतरला. त्या वळल्या आणि घरी गेल्या. फांदी मात्र घेऊन गेल्या!

मी फाटकाला कुलूप लावलं. वर कॅमेरा बसवला.

मे महिन्यात मुलीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे पुण्याला जायचं होतं. अक्कांची सून ज्योती आली. म्हणाली, "अक्का म्हणतात, किल्ली देऊन जा, पाणी घालू." मी म्हटलं, नको, ड्रिप आहे, टायमर आहे. मनात म्हटलं, किल्लीच देतो, सगळा मोगराच घेऊन जा!

बोअरच्या क्षाराने ड्रिपच्या नळ्या चार दिवसांत तुंबल्या. पुण्यात बसून मी मोबाइलवर माझी झाडं करपताना बघत होतो. आणि एका संध्याकाळी कॅमेऱ्यात अक्का दिसल्या. बंद फाटकाबाहेर बादली घेऊन उभ्या, आणि गजांमधून तांब्याने पाणी भिरकावत होत्या. जास्वंदीला पोचलं, सदाफुलीला पोचलं. मोगऱ्याच्या दोन हात अलीकडे पडलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज दोन हात कमी.

ज्योतीचा नंबर माझ्याकडे होता. कुलूप फोडा, एवढंच म्हणायचं होतं. पण भर गल्लीत जिला चोर म्हटलं, तिला कुठल्या तोंडाने सांगू? नाही केला फोन. त्याची लाज अजून वाटते.

परत आलो, अक्कांसारखं मोगऱ्याच्या खोडाला नख लावलं. आतपर्यंत तपकिरी. ओट्यावर बसून मी लहान पोरासारखा रडलो.

जुलै लागेपर्यंत अक्कांनी अंथरूण धरलं होतं. त्यांच्या खिडकीखाली तेलाच्या डब्यात एक मोगरा मात्र गुडघाभर वाढला होता. सुमनचा मोगरा. पण मागायचा कसा? मी विज्ञान शिकवलेला माणूस, असल्या समजुती मानत नाही. तरी म्हटलं, मागितला आणि नाही जगला तर? शिवाय मागायला तोंड होतं कुठे!

एका सकाळी दूधवाल्याच्या आधी मी सुमनची कात्री डाव्या हातात टॉवेलखाली धरली आणि अक्कांच्या अंगणात शिरलो. फांदी कापली, तोच आतून ज्योतीचा आवाज आला, "कोण आहे तिकडे?"

मी वर पाहिलं. खिडकीशी खाटेवर पडलेल्या अक्का सरळ माझ्याकडेच बघत होत्या.

"मांजर व्हई," त्या म्हणाल्या. "तू चा ठेव."

आणि त्यांनी हळूच भिंतीकडे तोंड फिरवलं.

ओट्याशी लावलेल्या त्या फांदीला नवं पान फुटलं, त्याच आठवड्यात अक्का गेल्या. माफी मागायची राहूनच गेली.

मोगरा आता ओट्याच्या उंचीला आलाय. कुलूप आणि कॅमेरा दोन्ही मी काढून टाकले. परवा मुलगी आली होती. खिडकीतून बघून म्हणाली, "बाबा, जास्वंदीपाशी कोणीतरी आहे बघा."

मी मान वर करून पाहिलं. ज्योती होती, डावा हात ओढणीखाली.

"मांजर असेल," मी म्हटलं, आणि पेपर तोंडासमोर धरला.