माहिती लपवली

माझ्या धाकट्या बहिणीने आयुष्यात काही लपवलं असेल तर ते आईच्या डब्यातला गूळ, आणि तेही दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगून मोकळी झाली. तिच्याबद्दल विमा कंपनीच्या पत्रात लिहिलंय की तिने आजाराची माहिती लपवली. पत्र इंग्रजीत आहे. मी ते इतक्यांदा वाचलंय की आता मराठीतच आठवतं.

फॉर्म मी भरला होता.

तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत मी नोकरीभर मुलांना शिकवलं आणि त्यांच्या आईबापांचे फॉर्म भरले. दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त केलं म्हणा. रेशन, दाखले, घरकुल, शिष्यवृत्ती, सगळं. माझे दोन नियम होते. रकाना रिकामा ठेवायचा नाही, आणि साहेबाला प्रश्न पडेल असं काही लिहायचं नाही. साहेबाला एक प्रश्न पडला की आमच्या माणसाला तालुक्याच्या चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला बुडालेला एक दिवस. म्हणून जन्मतारीख ठाऊक नसलेला अर्धा पाडा माझ्या हातून एक जूनला जन्मला. आजाराच्या रकान्यात मी डोळे मिटून ‘नाही’ लिहायचो. गुरुजींनी भरलेला फॉर्म परत येत नाही, असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

बहीण कासाजवळच्या पाड्यावर राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. अंगणवाडीत सेविका म्हणून तिने पाड्यावरची दोन पिढ्यांची पोरं सांभाळली. निवृत्त झाल्यावर तिने आणि आसपासच्या चार-पाच सेविकांनी नेपाळला जायचं ठरवलं, पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ. सापुताऱ्यापलीकडे ती कधी गेली नव्हती. डहाणू रोडच्या सहलवाल्याने विम्याचा एक कागद दिला, आणि ती तो घेऊन अर्थातच माझ्याकडे आली.

आमच्या घरात सिकलसेल आहे, आईबापांकडून रक्तात येणारं दुखणं. आई गुडघ्यांना फडकी बांधून लावणीला जायची, तेव्हा त्या दुखण्याला नाव नव्हतं. पुढे पाड्यावर रक्त तपासायला पथक आलं. बहिणीनेच घरोघर फिरून बायकांना रांगेत उभं केलं, स्वतःचंही रक्त दिलं, आणि तिला सिकलसेलचं कार्ड मिळालं. वर्षातून एक-दोनदा तिचे सांधे धरायचे. दोन दिवस पडून राहायची, पाणी प्यायची, सरकारी गोळी घ्यायची, उठायची. आम्ही त्याला आजार म्हणत नव्हतो. आजार म्हणजे जो खाटेवरून उठू देत नाही तो.

मी रकाने भरत होतो आणि ती समोर शेंगा सोलत होती.

“दादा, ते सिकलसेलचं लिवायचं नाय का?”

“लिहिलं की विचारतील. विचारलं की अडकवतील. तुला जायचंय ना?”

तिने हात पदराला पुसले. सही केली.

पॉलिसी आली. नावाचं स्पेलिंग बरोबर आहे हे मी पाहिलं, तेवढंच पाहिलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक फोन नंबर होता. दवाखान्यात भरती होण्याआधी या नंबरवर कळवा, असं लिहिलं होतं. ते मी वाचलं नाही. वर कागद लॅमिनेट करून आणला आणि माझ्या कपाटातल्या फाइलमध्ये ठेवला. मूळ कागद प्रवासात न्यायचा नाही, भिजतो, हरवतो, हेही मीच अख्ख्या पाड्याला शिकवलेलं. तिला झेरॉक्स द्यायची राहून गेली. चारोटी नाक्यावर तिला गाडीत बसवताना मी पाण्याच्या बाटल्या मोजल्या, उलटीच्या गोळ्या दिल्या, खिडकीजवळ जागा मिळवून दिली. कागदाचं लक्षातच राहिलं नाही.

सहाव्या दिवशी मी चिखल्याला एका विद्यार्थ्याच्या मुलीच्या लग्नात होतो. पानावर बसलो होतो तेव्हा तिच्या मैत्रिणीचा फोन आला. मुक्तिनाथच्या चढावर हिच्या छातीत आणि कुशीत कळा सुरू झाल्या, श्वास पुरत नाही, तिथल्या आरोग्य केंद्रात ऑक्सिजन लावलाय, खाली मोठ्या दवाखान्यात न्या म्हणतात. मग म्हणाली, “गुरुजी, ती विचारते, विम्याचा कागद कुठंय?”

कागद तलासरीला, कपाटात, किल्ली माझ्या खिशात. सहलवाल्याचा फोन लागेना. मी जेवण टाकून निघालो. हायवेला ट्रक उलटला होता, तासभर एका जागी. मी तिथून तिच्या मैत्रिणींना सांगत राहिलो की मिळेल ती जीप करा आणि उतरा. इथून आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलोय, मिळेल ती जीप करा. घरी पोचून नंबर लावला तेव्हा दिवस मावळला होता. पलीकडची मुलगी फार शांतपणे म्हणाली, दुपारीच कळवलं असतं तर हेलिकॉप्टरची सोय बघता आली असती. माझी बहीण तेव्हा त्या खडबडीत रस्त्यावर जीपमध्ये होती.

दुसऱ्या दिवशी पोखऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, पूर्वीचा काही आजार? तिने कमरेच्या बटव्यातून सिकलसेलचं कार्ड काढून दिलं. मी नको म्हटलं होतं तरी ती ते घेऊन गेली होती. डॉक्टरने केसपेपरच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, सिकलसेल, अनेक वर्षांपासून. अशा रक्ताला इतक्या उंचीवरची हवा सोसत नाही, म्हणाला. दवाखान्याने तो कागद कंपनीला पाठवला, आणि दुपारी मला कंपनीचा फोन आला. फॉर्मवर ‘नाही’ आहे, त्यामुळे पुढचं काही आम्हाला करता येणार नाही. मी म्हणालो, ते मी लिहिलंय, तिने मला सांगितलं होतं, चूक माझी आहे.

“सर, सही कुणाची आहे?” फोनवरच्या मुलीने विचारलं. आवाजात जराही उद्धटपणा नव्हता, आणि मला तिचा राग येत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बहीण गेली.

मग एकच गोष्ट उरली होती, तिला घरी आणणं. विम्यात तेही होतं, मागच्या बाजूला, त्याच बारीक अक्षरांत. आता त्याचा उपयोग नव्हता. स्वतःच्या बळावर आणायचं तर परवानग्या, पेटी, विमान, आणि मला त्यातला एकही फॉर्म माहीत नव्हता. मैत्रिणी रडत विचारत होत्या, काय करू? मी सांगितलं, तिथेच करा. नदीकाठी त्या बायकांनीच तिला अग्नी दिला.

पाड्यावर लोक दोन दिवस तिच्या अंगणात बसून होते. कुणी चूल पेटवली नव्हती. मैत्रिणी परतल्यावर मी डहाणू रोडला जाऊन त्यांच्याकडून कलश घेतला आणि जीपने पाड्यावर नेला. तिच्या शेजारची म्हातारी, जिच्या नातवंडांना बहिणीने भरवलं होतं, कलशाकडे बघत राहिली.

“तिचं तोंड नाय दाखवलंस रे, गुरुजी,” ती म्हणाली.

त्यानंतर पाड्यावर मला कुणी वाईट बोललं नाही. फॉर्म अजून येतात. मी आता विचारतो, कुठली गोळी घेता, कधीपासून, कार्ड आहे का. लोक अवघडतात. काहीजण कागद उचलून दुसऱ्याकडे जातात, जो विचारत नाही त्याच्याकडे.

तिचं सामान आलं त्यात कार्ड होतं, घडीवर चिरलेलं. त्याची झेरॉक्स जोडून मी कंपनीला अर्ज लिहिला. भरपाई मागितली नाही. एवढंच लिहिलं की माझ्या बहिणीने माहिती लपवलेली नाही. तिने विचारलं होतं, लिहायचं का. मी नको म्हणालो. पत्रातलं ते वाक्य खोडून माझ्या नावावर घालावं. साहेबाला प्रश्न पडेल असा मी लिहिलेला हा पहिलाच कागद.

दोन पावसाळे झाले. अजून कुणी काही विचारलेलं नाही.