चाखणाऱ्याचे वीस रुपये

बारा वर्षांपूर्वीच्या रमजानचा तिसरा रोजा, दुपारचे चार. रक्कम वीस रुपये. हजर माणसं तीन: कबाबवाले हनीफचाचा, त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा इरफान आणि मी. वीस रुपये मी पुढे केले होते. चाचांनी ते दोन बोटांत धरून माझ्या शर्टाच्या खिशात परत ठेवले.

मी काल्हेरच्या एका गोदामात मालाचा हिशोब ठेवतो. तीनला ड्युटी संपते, मग भिवंडीवरून कोनला घरी. त्या दिवशी भिवंडीत चाचांच्या दुकानावर पार्सल घ्यायला थांबलो तर सिगडी नुकतीच पेटत होती. चाचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमचा रोजा न्हाय ना?"

"नाही. मी बौद्ध आहे."

"बस, मग या पडद्याच्या मागं."

मागे त्यांनी बोटभर कबाब माझ्या हातावर ठेवला. "नमक बोला." रोज्यात ते स्वतः जिभेला काही लावत नसत, आणि पाच किलो खिमा कालवून तयार होता. मी म्हटलं, "किंचित कमी आहे."

ते खूश झाले. आधीचे दोन दिवस शेजारच्या रंगवाल्याला चाखायला बोलावलं होतं. तो प्रत्येक वेळी डोळे मिटून "फस्ट क्लास" म्हणायचा आणि आणखी एक मागायचा. चाचांनी खिम्यात मीठ वाढवलं, पुन्हा एक तुकडा भाजला, आणि मी "आता बरोबर" म्हटल्यावर शिगांवर, म्हणजे लोखंडी सळयांवर, खिमा चढवायला घेतला. तेव्हा मी वीस रुपये काढले.

"चाखणाऱ्यानं पैसे द्यायचे नसतात," ते म्हणाले. "पैसे दिले की तुम्ही गिऱ्हाईक. मग गिऱ्हाईकासारखं बोलणार. मला खरं पायजे."

पुढे प्रत्येक रमजानात चार वाजता मी पडद्यामागे हजर असे. बाकीचे अकरा महिने मी पैसे देणारं गिऱ्हाईक होतो आणि सुट्टे मोजून घेत असे. त्यावरून चाचा मला सोडत नसत. "जाधवभाई, घरी चहा पिल्यावर वहिनीकडून पण पावती घेता काय?"

चाचांची अर्धी हयात पॉवरलूमवर गेली होती. त्या खडखडाटाने त्यांचे कान अधू झाले होते, त्यामुळे गिऱ्हाईक काय बोलतं ते त्यांना नीट ऐकू येत नसे. ते तोंडाकडे बघायचे. आत सहा टेबलं होती. सिगडीवर शिगा फिरवता फिरवता त्यांची नजर त्या सहाही टेबलांवरून फिरे.

"पहिला घास सगळेच खातात," ते मला सांगत. "भूक लागलेली असते. दुसरा घास कधी घेतो, ते बघायचं. लगेच घेतला तर माल बरोबर. पाणी पिलं, मोबाईल बघितला, कांदा उचलला, तर कायतरी चुकलं."

एकदा एका जोडप्यापुढची प्लेट त्यांनी न विचारता उचलली आणि दुसरी ठेवली. नवरा म्हणाला, "चाचा, हम ने तो कुछ बोला नहीं." चाचा म्हणाले, "बोला ना. तीन बार पानी पिया." पहिल्या प्लेटीत खरंच मिरची जास्त पडली होती.

अशी सात रमजानं गेली, सातव्यात मात्र लॉकडाऊनमुळे दुकान बंदच होतं. मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चाचा आजारी पडले. त्यातून ते उठले, पण चव आणि वास उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. सहा महिने झाले, वर्ष झालं, काही आलं नाही. हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही. इरफानचं तेव्हा लग्न ठरत होतं आणि तो गल्ल्यावर बसू लागला होता. कबाबची चव कळत नसलेला बाप त्याने सिगडीवर ठेवला नसता, असं चाचांना वाटायचं.

मला मात्र त्यांनी पहिल्याच महिन्यात पडद्यामागे नेऊन सांगितलं होतं. "जाधवभाई, अब अपना बारा महीना रमजान है."

तेव्हापासून चार वर्षं मी रोज चारला जात होतो. रविवारी कोनहून मुद्दाम येत असे. बायको, मंदा, म्हणायची, "ड्युटीला इतक्या वेळेवर जात नाही तुम्ही." मी चाखायचो, "बरोबर", "चिमूटभर हवं" किंवा "जास्त" एवढंच सांगायचो आणि निघायचो. पैशांची गोष्ट मी पुन्हा काढली नाही. त्यांची सिगडी माझ्या जिभेवर चालली होती आणि ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यात मला ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरांनी दिवसाला अर्धा चमचा मीठ सांगितलं. माझा स्वभाव असा की अर्धा म्हणजे अर्धा. सकाळी एका डबीत सपाट अर्धा चमचा काढायचा आणि दिवसभरात तेवढंच. मंदा माझी डाळ वेगळी काढू लागली. दोन महिन्यांत ब्लडप्रेशर खाली आलं. मी खूश होतो. चाचांना यातलं काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

त्याच दोन महिन्यांत मी पडद्यामागे "जास्त आहे" असं वरचेवर म्हणू लागलो. चाचा माझ्याकडे क्षणभर बघत. मग त्या दिवशी बिनमिठाचा खिमा मिसळत आणि दुसऱ्या दिवशी मीठ कमी घालत. पाच किलोला पाच चमचे पडत होते, ते तीनवर आले. मला ते तीन अगदी बरोबर लागत होते.

एका संध्याकाळी वज्रेश्वरीहून परतणारं कुटुंब जेवायला बसलं होतं. त्यातली बाई मोठ्याने म्हणाली, "हॉस्पिटलचा कबाब आहे का हा?" शेजारच्या टेबलावरचे ड्रायव्हर हसले. एकाने मिठाची डबी वर करून दाखवली, ते लोक आठवडाभर वरून मीठ घालूनच खात होते. इरफानने प्लेटीतला तुकडा तोंडात टाकला आणि सिगडीजवळ गेला. "अब्बा, चखा था?" चाचा शिगा फिरवत राहिले. त्याने तोच तुकडा त्यांना भरवला. "बोलो, क्या कम है?" चाचांनी अंदाजाने उत्तर दिलं, "मिर्ची."

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. चारला गेलो तर सिगडीवर नवा कारागीर होता आणि चाचा बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर. घरी येऊन मी मंदाला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मी रोज नीट चाखत होतो. कसं झालं असेल?"

तिने माझ्या ताटातल्या डाळीत बोट बुडवून जिभेला लावलं. "ही डाळ कशी लागते तुम्हाला?"

"चांगली."

"यात मीठ नाहीच. आज विसरले घालायला."

मी तसाच उठलो आणि रिक्षा करून दुकानात गेलो. इरफानसमोर चाचांना सांगितलं की चूक माझी आहे, माझी जीभ बदलली, तुमचा हात बरोबर होता. इरफानने शांतपणे ऐकून घेतलं. "अंकल, आपकी जबान तो मंदाआंटी ठीक कर देगी," तो म्हणाला. "अब्बा की कौन करेगा? इनको चार साल से पता नहीं चलता, और मेरे को कल पता चला."

चाचा मला दारापर्यंत सोडायला आले. मी पुन्हा माफी मागितली.

"तुम्ही खोटं न्हाय बोलले," ते म्हणाले. "तुमच्या जिभेला लागलं ते बोलले. चूक माझी हाय. मी बघत होतो ना. पंधरा दिवस झाले, कोण दुसरा घास लगेच घेत नव्हता. पण मी म्हटलं, जाधवभाई बरोबर बोलतात, माझेच डोळे गेले असतील."

त्यानंतर चाचा खुर्चीवर बसत. नजर टेबलांकडे असे, पण उठून प्लेट बदलत नसत. थंडीत ते खुर्चीवरही येईनासे झाले. जानेवारीत एका पहाटे झोपेतच गेले. कब्रस्तानात मी मागे उभा होतो. इरफानने मला पुढे बोलावून माती द्यायला लावली.

यंदा तिसऱ्या रोज्याला चार वाजता माझे पाय सवयीने तिकडे वळले. सिगडी पेटत होती. कारागिराकडे मोजलेल्या मसाल्याची आणि मिठाची पाकिटं होती, चाखायची गरज नव्हती. पडदा काढून तिथे फ्रीज ठेवला होता. मी मार्केटमध्ये वेळ काढला आणि रोजा सुटल्यावर परत आलो. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून एक प्लेट मागवली.

पहिला घास घेतला. मला तो खारट लागला, म्हणजे बहुतेक बरोबर असावा. दुसरा घ्यायला बराच वेळ लागला. मी पाणी प्यायलो, कांदा उचलला. सिगडीवरचा माणूस शिगांकडे बघत होता.

प्लेट संपवून गल्ल्याशी गेलो. इरफान उभा राहिला. "अंकल, रहने दो. अब्बा ने आपसे कभी रोजे में पैसे लिए थे?"

"तेव्हा मी चाखणारा होतो," मी म्हटलं. "आता गिऱ्हाईक आहे."

त्याने हात पुढे केला. एकशे चाळीस रुपये मी मोजून इरफानला दिले.