उभा पाहुणा

नारसाक गावात वाढदिवसाच्या घरी सगळे कॉफीला येतात, आणि नियम एकच: बसा, केक खा, उठा, पुढच्याला खुर्ची द्या. दगडवेड्या विधुर पाविआला मात्र वाढदिवस असलेल्या विधवा बिबियानेला एकटीला गाठायचं होतं, म्हणून तो सकाळपासून उभाच. बसलाच नाही, तर उठवणार कोण? लोकांनी त्याच्यावर कोट टांगले.

"अहो, बसा की!" बिबियाने वैतागली.

"बाई, डोंगर थंड होताना असंच झालं," कोटांमधून पाविआ म्हणाला. "साध्या धातूंना स्फटिकांत आधी जागा मिळाली. कुठेच न मावलेले वितळलेल्या खडकाच्या शेवटच्या गरम रसात गोळा झाले. तेच दुर्मीळ!"

कोट उतरले, पाहुणे पांगले.

"आणि तो रस गोठायला?"

"हजारो वर्षं."

"माझी कॉफी तेवढी थांबायची नाही." तिनं दिवंगत नवऱ्याची खुर्ची ओढली. "बसा. आणि उठू नका."