दसऱ्याच्या मुहूर्तावर केलेलं अपग्रेड

झेंडूचा वास आला की मला आजही दमल्यासारखं होतं. काही वर्षांमागं दसऱ्याला मी लॅपटॉपला हार घातला, कुंकू लावलं आणि मुहूर्त चांगला आहे म्हणून त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टिमही टाकली. दुसऱ्या दिवशी अकराला धाकट्या बहिणीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. आमच्या गावी करमाडला रेंज टिकत नाही म्हणून ती सकाळीच शहरात, उस्मानपुऱ्यात माझ्याकडं आलेली. आणि लॅपटॉप म्हणतो, वायफाय कार्डच नाही! कार्ड चालवायला ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर पाहिजे, ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटला कार्ड पाहिजे. हजार वेळा रीस्टार्ट करून माझ्या बोटांचे ठसे झिजले. आतल्या खोलीत उत्तरं घोकणारी बहीण ओरडली, "दादा, वीस मिनिटं राह्यली. व्हतंय का नाय?" "झालंच की!" म्हणालो आणि डोकं धरून बसलो. तेवढ्यात आमचा फराळाचा डबा परत द्यायला शेजारचे चाचा आले. पडद्याकडं बघून म्हणाले, "अरे मियाँ, मोबाइल वायर से जोड़ो, उसका नेट इसमें आता." जोडलं, नेट आलं, ड्रायव्हर उतरला, कार्ड जागं झालं आणि चाचा निघूनही गेले. बहीण बाहेर येते तर मुलाखतीचं पान उघडलेलं. "कसं केलंस रं, दादा?" मी घाम पुसत म्हणालो, "लई खोलात जावं लागलं." नोकरी लागली तिला. आता तिच्या ऑफिसात कुणाचंही नेट गेलं की ती अभिमानानं माझा नंबर देते. आज सकाळपासून चार फोन आलेत, आणि चाचा तर कधीच लांब छावणी भागात राहायला गेले.