एक माणूस जास्त

माझी आजी चादरी मोजायची. हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात, मशीनच्या घरघरीत उभी राहून, चाळीस वर्षं. वॉर्डात वर किती गेल्या, खाली किती परत आल्या. सगळे तिला 'मोजणीवाली' म्हणायचे. तिचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मुकादमसुद्धा पुन्हा मोजायच्या भानगडीत पडत नसे. एखादी चादर परत आली नाही की बाकीच्या बायका 'हरवली' लिहून मोकळ्या व्हायच्या. आजी नाही. "हरवेल कशाला? वर कुणाच्या तरी अंगाखाली असेल. येईल," म्हणायची आणि ती चादर बेरजेत धरून टाकायची. बहुतेक वेळा यायचीही. आठवड्यानं, महिन्यानं, कधी डाग घेऊन.

या देशात ती चोविसाव्या वर्षी आली, नवऱ्यामागून, एक पत्र्याची ट्रंक घेऊन. पाचव्या वर्षी नवरा गेला. पदरात माझे बाबा, परत जायचं तर कुणाच्या दारी, म्हणून राहिली. धाकट्या बहिणीची पत्रं यायची. मग बहीणही गेली आणि पोस्टमनचं आमच्याकडे काही काम उरलं नाही. शेजाऱ्यांना ती 'तळमजल्यावरची म्हातारी'. तिला नावानं हाक मारणारी जागा एकच होती, चर्च. म्हणून ती रविवारी तासभर आधीच निघायची, हे मला आता कळतं. तेव्हा वाटायचं, ही बाई देवालासुद्धा सुखानं झोपू देत नाही.

आईबाबा दोघंही कामावर, त्यामुळे मी आजीच्याच हाताखाली वाढले. चर्चमधल्या चौथ्या बाकावर खांबालगतची जागा तिची, शेजारची माझी. गाणी ती बेंबीच्या देठापासून म्हणायची. सुराचा आणि तिचा छत्तीसचा आकडा, पण तिला त्याचं काय! मी चौदा वर्षांची असताना माझ्या वर्गातल्या दोघी मागच्या बाकावर येऊन बसल्या आणि आजीचा आवाज ऐकून फिदीफिदी हसायला लागल्या. मी आजीला कोपरानं ढोसलं. "गप ना गं! लाज वाटते मला तुझी."

ती कडव्याच्या मध्येच थांबली. त्यानंतर तिचे नुसते ओठ हलायचे. तीन रविवार मी ते हलणारे ओठ बघितले. माफी मागायला जीभ उचलेना, म्हणून चर्चला जाणंच सोडलं. वर सगळ्यांना सांगत सुटले की मला तिथे कंटाळा येतो.

आजीनं कधी जाब विचारला नाही. फक्त दर शनिवारी विचारायची, "उद्या येतेस?"

"पुढच्या रविवारी नक्की, आजी."

मी मोठी झाले, नोकरीला लागले, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. शनिवारचा फोन चुकला नाही आणि माझा पुढचा रविवारही उजाडला नाही. वीस वर्षं मी वेळ मारून नेली.

गेल्या महिन्यात, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, चहा पिऊन खुर्चीत बसल्या बसल्या ती गेली. चर्चच्या पाळकांनी तिच्यासाठी दोन शब्द सांगितले, तिला माती दिली, आणि माणसं पांगली. पहिला शनिवार आला. फोनकडे बघत मी दिवसभर घरात बसून राहिले. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

तिच्या पिशवीत चर्चची वही निघाली. निवृत्तीनंतर उपासनेला आलेली माणसं मोजून लिहायचं काम तिनं हौसेनं मागून घेतलं होतं. जित्याची खोड, दुसरं काय! वही परत करायला मी रविवारी गेले.

पाळक ओशाळं हसले. "आजींना आम्ही कधी बोललो नाही, पण शेवटी शेवटी त्यांचा आकडा चुकायचा. दर वेळी एक जास्त. मी आपला गुपचूप एक वजा करायचो. वयच झालं होतं."

मला रागच आला. "माझी आजी मोजण्यात चुकायची नाही. केव्हापासून चाललंय हे?"

"मी इथे आलो तेव्हापासून. झाली की अकरा वर्षं."

"मग 'शेवटी शेवटी' कसलं?"

वही हातात तशीच धरून मी चौथ्या बाकावर जाऊन बसले. दर रविवारी एक जास्त. तिच्या लेखी मी हरवले नव्हते. त्या चादरींसारखी वर कुठेतरी होते. येणार होते.

मी आले, पण ती गेल्यावर. खांबालगतची जागा मी मोकळीच ठेवली. गाणं सुरू झालं तेव्हा मी तोंड उघडलं. सूर माझाही तिच्यावरच गेलाय. पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं. पाहू देत. मी कडवं पुरं केलं.

शेवटी पाळक म्हणाले, "आज मोजणी तुम्हीच करा."

मी एकेक डोकं मोजलं. मला धरून तेरा. वहीत चौदा लिहिलं आणि ती त्यांच्या हातात दिली.

"यातून एक वजा करू नका," मी म्हणाले.